कातळात अडकलेला हेलियम

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या गाळाखाली, सातपुड्याच्या डोंगरांत आणि नवापूरकडच्या टेकड्यांत जवळपास सगळीकडे एकच खडक सापडतो, तो म्हणजे काळा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर साचत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. आज त्यातला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग उरला आहे. झीज होण्यापूर्वी तो याहून बराच मोठा होता. तोरणमाळचे पठार असो की अस्तंभ्याचे १,३०० मीटरांहून उंच शिखर, दोन्ही याच थरांची. एवढा शिलारस पृथ्वीच्या नेमक्या किती खोलीतून आला, हे मात्र कातळाकडे नुसते पाहून कळत नाही. ते शोधण्यासाठी भूरसायनशास्त्रज्ञांनी हेलियम, निऑन, आरगॉन आणि झेनॉन या राजवायूंची मदत घेतली आहे.

लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगा या जिल्ह्यात आजही दिसतात. भेगेत शिलारस थिजून त्याची जी उभी भिंत होते, तिला डाइक म्हणतात. भोवतालचा झिओलाइट खनिजांनी भरलेला, ठिसूळ झालेला बेसाल्ट लवकर झिजतो, डाइकचा टणक दगड मागे उरतो आणि शेताशिवारातून एखादी काळी, सरळसोट टेकडी कोसच्या कोस गेलेली दिसते. जवळ जाऊन पाहिले तर त्या भिंतीतल्या दगडाचे आडवे खांब झालेले असतात. शिलारस दोन्ही बाजूंच्या थंड कातळाकडून आत थिजत गेला, म्हणून खांब उभे न राहता आडवे पडले. विहीर खणणाऱ्यांचा या दगडाशी नेहमी संबंध येतो. डाइकच्या वरच्या अंगाला पाणी तटून राहते आणि खालच्या अंगाची विहीर उन्हाळ्यात लवकर तळ गाठू शकते.

रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक यांनी नंदुरबार-धुळे भागातल्या या डाइकांचा सविस्तर अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. १४,५०० चौरस किलोमीटरांत १ किलोमीटरपेक्षा लांब असे २१० डाइक त्यांनी नोंदवले. सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरांचा, आणि जाडी ३ मीटरांपासून ६२ मीटरांपर्यंत. जवळजवळ सगळे उभे आहेत आणि त्यांची सरासरी दिशा उत्तरेपासून ८८ अंश, म्हणजे जवळपास तंतोतंत पूर्व-पश्चिम. याचा अर्थ, शिलारस वर येत असताना इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. नर्मदा आणि तापी ज्या दिशेने वाहतात तीच ही दिशा. यातल्या मोठ्या डाइकांनी प्रत्येकी १,००० घन किलोमीटर किंवा त्याहून जास्त लाव्हा काही वर्षांतच ओतला असू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे.

पण डाइक सांगतो तो शेवटच्या टप्प्याचा प्रवास. तो भरला गेला शिलारसाच्या उथळ कोठारांतून, आणि त्या कोठारांत रस कुठून आला हे भिंतीच्या दिशेवरून किंवा जाडीवरून ठरत नाही. त्याविषयीचा सर्वांत प्रसिद्ध सिद्धांत प्लूमचा आहे. १९६३ साली टुझो विल्सन यांनी असे सुचवले, की हवाईची बेटे एका स्थिर तप्त जागेवरून सरकत गेलेल्या सागरतळावर एकामागून एक तयार झाली. १९७१ साली जेसन मॉर्गन यांनी त्या तप्त जागेखाली प्रावरणाच्या (कवचाखालच्या जाड थराच्या) तळातून वर येणारा तापलेल्या खडकाचा स्तंभ, म्हणजे प्लूम, असल्याचे मांडले. दख्खनच्या बाबतीत हा स्तंभ आज हिंदी महासागरातल्या रेयूनियन बेटाखाली आहे असे मानले जाते. नंदुरबारपासून हे बेट सुमारे ५ हजार किलोमीटरांवर आहे, आणि योगायोग असा की नंदुरबार विषुववृत्ताच्या जितके उत्तरेला, रेयूनियन साधारण तितकेच दक्षिणेला. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची एक रांग राहिली. १९८७ साली सागरतळाला छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत मालदीवजवळचा बेसाल्ट सुमारे ५.७ कोटी आणि चागोसजवळचा ४.९ कोटी वर्षांचा निघाला. मॉरिशस सुमारे ८०-९० लाख वर्षांचे, रेयूनियन सुमारे २० लाखांचे. वये उतरत्या क्रमाने येतात हे खरे, पण त्यावरून रस किती खोलातून आला हे ठरत नाही. खोलीसाठी वायूंकडे वळावे लागते.

हेलियमचे दोन समस्थानिक आहेत. हेलियम-४ पृथ्वीच्या पोटात सतत तयार होत असतो. युरेनियम-२३८चा एक अणू शिसे होईपर्यंत आठ अल्फा कण सोडतो, थोरियम-२३२चा सहा. आणि अल्फा कण म्हणजे हेलियम-४चे अणुकेंद्रकच. हेलियम-३चे तसे नाही. पृथ्वीत तो नव्याने जवळपास तयार होत नाही. जो आहे तो ग्रह घडताना सूर्यमालेच्या मूळ वायूतून आला. वर आलेला हेलियम परत खालीही जात नाही. इतका हलका वायू वातावरणात टिकत नाही, अवकाशात निसटतो, आणि सागरतळाबरोबर प्रावरणात बुडणाऱ्या खडकातून तो पुन्हा आत जाण्याचे प्रमाण नगण्य असते. म्हणून एखाद्या खडकात हेलियम-४च्या तुलनेत हेलियम-३ जास्त सापडला, तर तो शिलारस अशा भागातून आला असावा ज्यातला मूळ वायू फारसा निसटून गेला नाही, किंवा जिथे युरेनियम-थोरियम फार कमी आहे. या ‘किंवा’वरच पुढे वाद झाला.

मापाचे एकक हवा हेच. हवेतल्या हेलियममध्ये हेलियम-३चा एक अणू असला तर हेलियम-४चे सुमारे ७ लाख २० हजार असतात. हे प्रमाण एक धरायचे. महासागरांच्या मध्यावरच्या पर्वतरांगांत, जिथे प्रावरणाचा वरचा, उथळ भाग वितळून बाहेर पडतो, तिथल्या बेसाल्टमध्ये हे प्रमाण हवेच्या सुमारे आठपट असते आणि जगभर त्यात फारसा फरक पडत नाही. खंडांच्या ग्रॅनाइटी कवचात ते हवेच्या दोन-तीन शतांश इतके खाली येते. हवाईच्या टोकाशी असलेल्या लोईही या सागरी ज्वालामुखीत ते तिसाच्या आसपास जाते, आणि कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या जुन्या लाव्ह्यात २००३ साली पन्नासपट प्रमाण मोजले गेले. रेयूनियनचा आकडा १२ ते १४. सागरी रांगांपेक्षा तो स्पष्टपणे वरचा आहे, पण डोळे दिपवणारा नाही.

हेलियम म्हटले की मराठी वाचकाला विजयदुर्ग आठवतो. किल्ल्यावरून या वायूचा शोध लागल्याचे सांगितले जाते, पण इतिहास थोडा वेगळा आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात पिअर जान्सन यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट गुंटूरहून पाहिला. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ग्रहणाविनाच हेलियमची पिवळी रेषा टिपली. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ साली, विल्यम रॅमसे यांनी हा वायू पृथ्वीवरच्या युरेनियमयुक्त खनिजातून काढूनही दाखवला होता. खडकाच्या हेलियमचा अभ्यास खरा तिथून सुरू होतो.

खडकातला हा वायू मोजणे हे अतिशय चिकाटीचे काम आहे. बेसाल्ट फोडून त्यातले ऑलिव्हीनचे हिरवट, साधारण मिलिमीटरभराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक वेचावे लागतात. हे स्फटिक वाढत असताना शिलारसाचे आणि वायूचे बारीक बुडबुडे त्यांत अडकतात, आणि हवा आहे तो त्या बुडबुड्यांतलाच वायू. वेचलेले दाणे पोलादी नळीत निर्वातात ठेवून आधी तापवतात, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेली हवा निघून जाते. मग त्याच बंद नळीत ते चिरडतात. बाहेर आलेल्या वायूंतला नायट्रोजन, ऑक्सिजन, बाष्प तापलेल्या टायटेनियमकडून शोषून घेतले जाते. आरगॉन आणि त्याहून जड वायू अतिथंड कोळशावर अडकवले जातात. उरलेला हेलियम वस्तुमान वर्णपटमापकात सोडला जातो. तिथे आणखी एक अडचण येते. साध्या हायड्रोजनचा एक आणि जड हायड्रोजनचा एक अणू मिळून झालेल्या रेणूचे वस्तुमान हेलियम-३च्या इतके जवळ असते, की यंत्राला त्या दोघांत फरक करता आला पाहिजे.

आकडे किती लहान आहेत पाहा. एका ग्रॅम ऑलिव्हीनमधून घन सेंटिमीटरचा अब्जांश भाग एवढा हेलियम निघाला, तर त्यात हेलियम-४चे सुमारे २,७०० कोटी अणू असतात. प्रमाण हवेच्या दहापट धरले तरी त्यात हेलियम-३चे अणू चार लाखांच्या आतच भरतात. आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवावा. युरेनियम-२३८चा अर्धायुकाल ४४७ कोटी वर्षांचा, म्हणजे दख्खनचा लाव्हा थिजल्यापासून त्यातले फक्त सुमारे एक टक्का युरेनियम संपले. पण एका ग्रॅम बेसाल्टमध्ये मायक्रोग्रॅमचा दहावा भाग युरेनियम असले, तरी त्या एक टक्क्यातून हेलियम-४चे सुमारे २० लाख कोटी अणू तयार होतात. मूळ वायूच्या काहीशे पट! म्हणून अख्खा दगड वितळवून मोजण्यात अर्थ नाही. ऑलिव्हीनच्या स्फटिकजाळीत युरेनियम शिरत नाही, आणि चिरडल्याने बुडबुड्यांतला वायू सुटतो पण जाळीत रुतलेला बराचसा मागेच राहतो. या दोन सवलतींवर सगळे मापन उभे आहे. नंदुरबारच्या डाइकांचा दगड मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्सीन यांचा आहे. प्लॅजिओक्लेजमध्ये हेलियम टिकत नाही, म्हणून भेगा दाखवायला हा जिल्हा उत्तम असला तरी वायू देण्याच्या बाबतीत त्याचा दगड कंजूष आहे. वायू मिळाले ते नर्मदा ओलांडल्यावर, गुजरात आणि राजस्थानात.

१९९३ साली आशिष बसू, पॉल रेनी, रॉबर्ट पोरेडा आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या कडेवरच्या तीन अल्कधर्मी ज्वालामुखी संकुलांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम राजस्थानातली मुंडवारा आणि सरनू-दंडाली ही दोन, आणि गुजरातमध्ये नर्मदेच्या उत्तरेला, नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांपासून फार लांब नसलेली फेनाई माता ही तिसरी. पहिल्या दोहोंतल्या बायोटाइट अभ्रकाचे वय ६.८५ कोटी वर्षे निघाले, फेनाई मातेचे ६.५ कोटी. (आरगॉनने वय काढण्याचे प्रमाणमापन नंतर सुधारले गेले, त्यामुळे तेव्हाचे ६.५ कोटी आज साधारण ६.६ कोटी म्हणून वाचावे लागतात.) राजस्थानच्या खडकांत हेलियमचे प्रमाण हवेच्या १४पट निघाले, रेयूनियनच्या आजच्या लाव्ह्याइतकेच. फेनाई मातेच्या खडकात मात्र कवचाची भेसळ दिसली. लेखकांनी निष्कर्ष काढला तो असा: प्लूम भारताखाली येऊन सुमारे ३५ लाख वर्षे मुरत राहिला आणि मग एकदम फुटला.

मुख्य बेसाल्टचे काय? २०१७ साली ब्रॅडली पीटर्स, जेम्स डे, डेव्हिड हिल्टन आदींनी दख्खनच्या मॅग्नेशियमयुक्त लाव्ह्यांतले ऑलिव्हीन तपासले. बहुतेक नमुन्यांत प्रमाण हवेच्या तिपटीच्याही खाली आले. फक्त पावागडच्या एका दगडात ते १०.७ निघाले.

एवढ्यावर एखादा म्हणेल, बहुमत कमी आकड्यांचे आहे, मग प्लूम कशावरून? पण हे बहुमताने ठरणारे प्रकरण नाही. शिलारस वर येताना ३५-४० किलोमीटर जाडीच्या जुन्या खंडीय कवचातून आला. वाटेत त्याने कवचाचा काही भाग वितळवून पोटात घेतला, आणि कवचाचा हेलियम जवळजवळ सगळा हेलियम-४ असतो. पाणी घातल्याने दूध पातळच होते, दाट कधी होत नाही. तसेच कवचाची भेसळ प्रमाण खालीच नेते. थिजल्यानंतर युरेनियमने केलेली भरही खालीच नेते. म्हणून तीनच्या खालचे दहा आकडे शिलारसाच्या उगमाविषयी फार थोडे सांगतात, तर १०.७ हा एकटा आकडा सांगतो की मूळ प्रमाण निदान एवढे तरी होते. दख्खनच्या हेलियमचा अर्थ लावताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि लोकप्रिय लिखाणात ती हमखास सुटते.

या नियमाला एक अपवाद आहे. उघड्यावर पडलेल्या दगडावर विश्वकिरणांचा मारा होतो आणि त्यातून नवा हेलियम-३ तयार होतो, म्हणजे चूक उलट्या बाजूला होऊ शकते. उघड्या कड्यावर हजारो वर्षे ऊन खात बसलेला नमुना म्हणून चालत नाही. खाणीच्या तळातला किंवा नव्या रस्त्याच्या कापातला ताजा दगड घ्यावा लागतो. चिरडण्याची पद्धत इथेही उपयोगी पडते, कारण विश्वकिरणांचा हेलियम जाळीत असतो, बुडबुड्यात नाही.

आता त्या ‘किंवा’कडे. डॉन अँडरसन यांचा आक्षेप होता, की जास्त प्रमाण म्हणजे जास्त हेलियम-३ असे नव्हे. कमी हेलियम-४ असूनही तसे होते. प्रावरणाचा एखादा भाग फार पूर्वी वितळून त्यातले युरेनियम-थोरियम निघून गेले असेल, तर उरलेल्या भागात हेलियम-४ साठत नाही आणि जुने उंच प्रमाण तसेच गोठून राहते. असा भाग उथळही असू शकतो. आयआयटी मुंबईतले हेतू शेठ हेही प्लूमच्या जाहीर विरोधकांपैकी आहेत. दख्खनपासून रेयूनियनपर्यंत प्लूमचा माग नाही अशी त्यांची भूमिका आहे. नंदुरबार-धुळ्याचे डाइक मोजणाऱ्या तिघांत तेच होते, हे लक्षात ठेवण्यासारखे. खालून फुगवटा येऊन जमीन फाटली असती, तर एका केंद्रातून सगळीकडे पसरलेले डाइक अपेक्षित होते. इथे ते एकमेकांना समांतर, जुन्या कमकुवत पट्ट्याच्या दिशेने आहेत. मुंडवाराच्या बाबतीतही २०१७ सालच्या वयमापनाने दाखवले की ते संकुल एका दमात बनलेले नाही, क्रिटेशस कालखंडाच्या आरंभापासून पॅलिओजीन कालखंडापर्यंत वेगवेगळ्या काळांत तिथे शिलारस येत राहिला. ३५ लाख वर्षे मुरण्याची गोष्ट यामुळे तितकी सरळ राहत नाही. तरी दिशा आणि उगम हे दोन वेगळे प्रश्न आहेत: खोलातून आलेला रसही वरच्या थरातल्या आयत्या भेगेचीच वाट धरतो. समांतर डाइकांनी प्लूम खोडून निघत नाही आणि सिद्धही होत नाही.

हेलियमवरचा आक्षेप निऑनने काहीसा सैल होतो. निऑनचे तीन समस्थानिक आहेत. निऑन-२०चे निऑन-२२शी प्रमाण किरणोत्साराने जवळपास बदलत नाही. हवेत ते ९.८ आहे, सौरवाऱ्यात सुमारे १३.८, आणि प्लूमच्या खडकांत १३च्या जवळ जाते. निऑन-२१ मात्र खडकात अल्फा कण आणि न्यूट्रॉन ऑक्सिजन व मॅग्नेशियमवर आदळून हळूहळू वाढतो. त्यामुळे युरेनियमच्या मानाने मूळ वायू किती उरला आहे, हे हेलियमपासून स्वतंत्रपणे तपासता येते. रेयूनियनचे निऑन मोजले गेले आहे. ते हवाई आणि मध्यसागरी रांगा यांच्या मध्ये बसते, हेलियमने सांगितले होते तसेच. दोन वेगवेगळे वायू एकच गोष्ट सांगतात तेव्हा योगायोगाची शक्यता कमी होते.

झेनॉन त्याहून मागे नेतो. आयोडीन-१२९चा अर्धायुकाल फक्त १.५७ कोटी वर्षांचा. पृथ्वी जन्मल्यावर पहिल्या दहा कोटी वर्षांतच ते जवळपास संपले आणि त्याचे झेनॉन-१२९ झाले. २०१२ साली सुजॉय मुखोपाध्याय यांनी आइसलँडच्या काचमय बेसाल्टमधला झेनॉन मोजून दाखवले, की प्लूमचा उगम आणि मध्यसागरी रांगांचा उगम ४४५ कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते आणि नंतर पूर्णपणे मिसळले नाहीत. उथळ भागातले जुने अवशेष हे अँडरसन यांचे स्पष्टीकरण झेनॉनच्या या फरकाला पुरे पडत नाही. दख्खनच्या खडकांत असे मापन करणे फार कठीण आहे, कारण जड राजवायू हवेतून सहज चिकटतात आणि ६.६ कोटी वर्षांच्या पावसापाण्याने खडकाला हवा भरपूर पाजलेली आहे.

नर्मदेच्या उत्तर काठापासून थोड्याच अंतरावर, छोटा उदेपूर जिल्ह्यात, आंबा डोंगर आहे. फ्लोराइटच्या खाणींसाठी तो ओळखला जातो, पण भूवैज्ञानिक तिथे जातात ते कार्बोनेटाइटसाठी, म्हणजे चुनखडीसारख्या घटकांच्या शिलारसापासून बनलेल्या दुर्मिळ खडकासाठी. त्याचे वय दख्खनच्या लाव्ह्याइतकेच आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत या खडकातले राजवायू आणि नायट्रोजन मोजले गेले आहेत. कार्बोनेटाइट कवचात फार न रेंगाळता वर येतो, त्यामुळे बेसाल्टपेक्षा त्यात भेसळ कमी होण्याची आशा असते; मात्र खंडाच्या मुळाशी असलेल्या जुन्या, थंड प्रावरणाचा वायू त्यात मिसळतो, आणि तो प्लूमच्या वायूपासून वेगळा काढणे हे इथले खरे कौशल्य.

शहाद्याजवळच्या उनपदेवचे गरम पाणी पाहून अनेकांना ज्वालामुखीची आठवण येते. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. दख्खनचा लाव्हा केव्हाच निवला. तापी-नर्मदेच्या पट्ट्यातल्या भेगांतून पाणी खोल उतरते, भूगर्भाच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते.

खोलीचा थेट पुरावा अलीकडे भूकंपलहरींतून येऊ लागला आहे. २०१२-१३ साली फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी रेयूनियनभोवतीच्या सागरतळावर ५७ भूकंपमापक ठेवले. त्या नोंदींवरून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रात, आफ्रिकेखाली गाभ्याच्या सीमेवर, सुमारे २,९०० किलोमीटर खोल, तापलेल्या खडकाचा प्रचंड साठा दिसतो आणि त्यातून तिरप्या फांद्या वर येताना दिसतात. त्यांतली एक रेयूनियनखाली पोहोचते. ती सरळ उभी नाही, म्हणून ६.६ कोटी वर्षांपूर्वी तिचे टोक नेमके कुठे होते, हे बेटाच्या आजच्या जागेवरून मोजता येत नाही. ते ठरवायला पुन्हा भारतातलेच नमुने लागतील: खाणीच्या तळातले, ऑलिव्हीन भरपूर असलेले, कवचाला कमीत कमी शिवलेले, आणि ज्यांत हेलियमबरोबर निऑनही मोजता येईल असे.